माई काही म्हणत नसे

आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलायची ती माई, आणि तिचं स्वतःचं म्हणणं असं की ती काहीच बोलत नाही. माई म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. ऐन तरुणपणी विधवा झाली, मग आईवडील गेले, आणि धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. अण्णांना रेल्वेत नोकरी लागून ते भुसावळहून झाशीला आले तेव्हा तीही आपली पत्र्याची ट्रंक घेऊन आली, ती कायमचीच. आई तिला जुन्या रिवाजाप्रमाणं 'वन्सं' म्हणायची, शालूताई आणि मी 'माई', आणि रेल्वे कॉलनीतली सगळी हिंदी माणसं 'बुआजी'. सकाळी आमटीचा पहिला घास घेतला की माई म्हणायची, "मीठ जास्त पडलंय असं मी म्हणत नाही हो." आई मुकाट्यानं तिच्या वाटीत गरम पाणी घालायची. "घाल असं मी म्हटलं का?" माई विचारायची, आणि वाटी पुढं करायची.

हे दिवसभर चालायचं. कुणाच्या माहेरचं ती काढत नसे, कुणाच्या कामाला नावं ठेवत नसे, आईनं कुरडयांचा चीक पातळ केला हे तर तिच्या मनातही येत नसे. आणि ते सगळं ती आम्हाला रोज, एकेक करून, सांगायची. आम्ही मुली त्यात तयार झालो होतो. माईचं 'नाही' ऐकलं की आपोआप पुढच्या 'पण'ची वाट बघायची, आणि 'पण' आला की कामाला लागायचं. "कुमू अभ्यास करत नाही असं मी म्हणत नाही, पण," एवढं कानावर पडलं की मी पुस्तक उघडून बसलेली असायची. आई मात्र या सगळ्यानं थकत गेली. भांडायला जावं तर समोरची बाई काही म्हणालेलीच नसते, मग भांडायचं कशाशी? आईच्या चेहऱ्यावरचा तो शिणवटा मला तेव्हा कळायचा नाही. आज या वयात आरशात दिसतो.

माझा नातू वकिली शिकतो. मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत देतो. त्याला मी मध्ये एकदा माईच्या या बोलण्याची नक्कल करून दाखवली, तर हसत सुटला आणि म्हणाला, "दादी, इसका तो नाम है, अपोफासिस." म्हणे ग्रीक लोकांचा शब्द, मूळ अर्थ नकार, लॅटिनवाल्यांनी तो उचलला आणि भाषणं कशी ठोकावीत याच्या शास्त्रात घातला. सांगायचं नाही म्हणत म्हणत सगळं सांगून टाकायचं, आणि वर हात झटकून मोकळं व्हायचं. मी म्हटलं, असेल बाबा. आमच्या घरी ते नावावाचून चालायचं, आणि माईनं तर भुसावळच्या मराठी शाळेत दुसरीसुद्धा पुरी केली नव्हती.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढं व्हरांडा, मागं अंगण. वर्कशॉपचा भोंगा झाला की अण्णांचा डबा तयार पाहिजे, आणि संध्याकाळचा भोंगा झाला की चहाचं आधण. शंटिंगचे धक्के दिवसभर ऐकू यायचे, इतके की एखाद्या दिवशी थांबले तर माई म्हणायची, "आज काही बरं लक्षण नाही." कोळशाचा खकाणा सगळ्यावर बसायचा. अंगणात बाजेवर सांडगे वाळत घातले की वर धोतर पसरायचं, तरी संध्याकाळी त्यांच्यावर काळे ठिपके असायचेच. शेजारच्या तिवारी चाची त्याच अंगणाच्या पलीकडं बरी, म्हणजे त्यांच्याकडचे डाळीचे सांडगे, घालायच्या. एकीचे सांडगे, एकीची बरी, आणि मध्ये कावळे हाकलायला मी. चाचींचं माईवर फार प्रेम. त्या बुंदेलीत आईला म्हणायच्या, "बुआजी तो कछू कैतीं नइयां, बडी सूधी हैं." कारण माई हिंदीतही तेच करायची, "हम कुछ नहीं कहते बहन," असं म्हणून सुरुवात, आणि पुढचा 'पण' येईपर्यंत तिची हिंदी संपायची. त्यामुळं अख्ख्या कॉलनीत माईची कीर्ती अबोल, सोशिक बाई अशी होती. हे ऐकून आई पदरात तोंड घालून हसायची. तिला हसू यायचं असं ते एवढंच.

शालूताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. उंच, सावळी, आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. बी.ए. झाली होती आणि सायकल चालवायची. त्या सायकलबद्दल माई किती काय काय म्हणत नसे ते लिहायला बसले तर हे प्रकरण संपणार नाही. झाशीजवळ बबीन्याच्या लष्करी छावणीत मुलींची एक शाळा होती, तिथं मास्तरणींच्या दोन जागा निघाल्या आणि ताईनं अर्ज केला. मुलाखत झाली, तिला पसंत केल्याचं तोंडी कळलंही. वैशाखात लग्न उरकावं म्हणून मामानं तिच्यासाठी खंडव्याचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. अण्णांनी कबूल केलं होतं की नोकरी लागली तर स्थळाला नाही कळवू, पोरगी दोन-तीन वर्षं शिकवील, मग बघू. नाही लागली तर मामाला हो म्हणायचं. ताईनं मला एवढंच सांगितलं होतं, "कुमू, मला एकदा तरी स्वतःच्या दाराला कुलूप लावून बाहेर पडायचंय." बबीन्यात मास्तरणींना राहायला एक खोली मिळायची.

छावणीची जागा म्हणून नेमणुकीआधी मुलीच्या चालचलनाची चौकशी व्हायची. एक माणूस घरी यायचा, घरच्या वडीलधाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारायचा आणि जायचा. तो कधी येणार ते अण्णांना आदल्या दिवशी कळलं. अण्णांना रजा मिळाली नाही. आईला हिंदी धड येत नव्हती आणि परक्या पुरुषापुढं ती जायचीही नाही. म्हणजे बोलणार माई. रात्रभर आईला एकच विचार. चौकशीवाल्यापुढं माईनं सायकल काढली, की दोन स्थळं नाकारलेली काढली, की ताई घरी उलट उत्तरं देते ते काढलं, तर? सकाळी कैऱ्या उकडायला टाकताना आईनं धीर केला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ती माईला काही सांगत होती.

"वन्सं, पाया पडते तुमच्या. आज तेवढं शालूबद्दल काही म्हणू नका."

माईचा हात चुलीजवळ थांबला. "मी कधी काही म्हणते का?"

"नाही. पण आज खरंच नका म्हणू."

माईला ते लागलं. ती उठून व्हरांड्यात जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "बरं. नाही म्हणायची. जीभ कापून ठेवते."

दुपारी तो माणूस आला. घामाघूम झालेला, मध्यमवयीन, बोलायला मऊ. मी त्याला पन्ह्याचा पेला दिला आणि दाराआड उभी राहिले. त्यानं पन्हं पिऊन मिशा पुसल्या आणि विचारलं, "हाँ तो माताजी, लडकी का चाल-चलन कैसा है?"

माई ताठ बसली होती. "लडकी के बारे में हम कुछ नहीं कहेंगे."

तो थोडा थांबला. मीही थांबले, 'पण' कधी येतो म्हणून. आला नाही.

"कुछ तो कहिए माताजी."

"नहीं भैया. एक शब्द नहीं."

"कोई बात है क्या?"

"बात होगी भी, तो हम नहीं बोलेंगे," माई म्हणाली, आणि मान फिरवून अंगणाकडं बघायला लागली.

तो गडबडला. मग तिवारी चाचींकडं जाऊन त्यानं माताजी का बोलत नाहीत ते विचारलं. चाची आमच्या भल्यासाठीच बोलल्या, "बुआजी तो कबहूँ कोऊ की बुराई नईं करतीं." त्यानं मान हलवली आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. माई स्वयंपाकघरात आली ती लढाई जिंकल्याच्या तोऱ्यात. "विचार तुझ्या लेकीला. एक अक्षर बोलले असेन तर शपथ." आईचे डोळे भरून आले. तिनं माईला पन्ह्याचा मोठा पेला भरून दिला, वर वेलदोडा. त्या संध्याकाळी आमच्या घरात कधी नव्हे इतकी शांतता होती. दोघी बाया पाटावर शेजारी बसून लसूण सोलत होत्या आणि ताई आतल्या खोलीत गाणं गुणगुणत पातळाला इस्त्री करत होती.

मग नुसती वाट. पोस्टमन यायचा आणि जायचा. ताईबरोबर निवडलेल्या दुसऱ्या मुलीला हुकूम आल्याचं बडा बाजारात कुणीतरी अण्णांना सांगितलं. तेव्हा अण्णा इलाइट चौराह्याजवळ, जिथून या नेमणुका व्हायच्या त्या कचेरीत गेले. तिथल्या एका ओळखीच्या बाबूनं त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बाबूजी, क्या करें, लडकी के घरवाले ही उसके लिए मुँह खोलने को राजी नहीं. पडोसन ने भी यही कहा कि बुआजी किसी की बुराई नहीं करतीं. अब इसका मतलब तो आप समझते ही हैं."

अण्णा घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. "माई, त्या माणसाला तू काय म्हणालीस?"

"काही नाही म्हटलं."

"काही नाही म्हणजे काय म्हटलंस?"

"अरे, काही नाही म्हणजे काही नाही! हिनंच सांगितलं होतं ना? विचार हिला."

आईनं तोंडावर हात ठेवला. अण्णांनी सगळं सांगितलं, आणि एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. माईनं आयुष्यभर नाही म्हणत म्हणत सगळं सांगितलं होतं, आणि ज्या एका दिवशी ती दिलेल्या शब्दाला जागली त्याच दिवशी ताईचं तोंड काळं झालं. कुणाला बोल लावणार? माईनं तर ऐकलं होतं. आईनं हात जोडले होते. तो बिचारा माणूसही खोटं बोलला नव्हता. मला आजही या गोष्टीचा राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. मग नुसती दमून जाते.

ताई आतून आली. ती कधी आवाज चढवायची नाही, तेव्हाही चढवला नाही. "माई, रोज माझ्याबद्दल तू इतकं बोलतेस. एकदा, एकदा तरी मला चांगली म्हटलंयस?"

माई काही बोलली नाही. या वेळी खरंच नाही.

अण्णांनी त्या बाबूला गाठून विनवलं. तो म्हणाला, साहेबांकडं अजून कागद आहे, घरातल्या मोठ्या बाईला घेऊन या, तिनं साहेबांसमोर एकदा नीट सांगितलं तर बघतील. म्हणून दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना मी माईची तालीम घ्यायला बसले. वाक्य अगदी सोपं होतं, "हमारी लडकी बहुत अच्छी है." माई म्हणाली, "हमारी लडकी बुरी है, ऐसा हम नहीं कहते." मी म्हटलं, माई, तसं नाही, सरळ. ती म्हणाली, "हमारी लडकी में कोई खोट नहीं." मी म्हटलं, अगं 'नाही' नको आणूस, नुसतं चांगली आहे म्हण. तांदळातला एक खडा तिनं कितीतरी वेळ बोटात धरून ठेवला. मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघितला आणि हसू विरलं.

"माझा बाळ्या होता ना," ती म्हणाली. तिला मूल होतं आणि ते गेलं, एवढं आम्हाला माहीत होतं. तिच्या तोंडून त्याचं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. "दीड वर्षाचा होता. गुटगुटीत. विहिरीवर बाया म्हणाल्या, काय गं, पोर कसं आहे? मी म्हटलं, फार गुणाचा आहे हो माझा बाळ्या, सोन्यासारखा आहे. असं म्हटलं मी. मोठ्यानं म्हटलं. संध्याकाळी ताप भरला." तिनं खडा बाजूला टाकला. मग सूप हलवत म्हणाली, "तेव्हापासून माझ्या माणसाबद्दल चांगलं तोंडातून काढलं नाही. तुझ्या बापाबद्दल नाही, तुम्हा पोरींबद्दल नाही. चांगलं बोललं की कुणीतरी ऐकतं, कुमू."

मला रडू कोसळलं. सोळा वर्षांची होते, विज्ञान शिकत होते, नजर लागणं वगैरे सगळं खोटं हे मला ठाऊक होतं, आणि तरी तिला ते वाक्य परत म्हण असं सांगायला माझी जीभ उचलेना. इतकी वर्षं आमच्या मिठावर, अभ्यासावर, सायकलवर जे 'नाही, नाही' बरसत होतं, ते आम्हाला झाकून ठेवायला होतं असं म्हणू का? तसंही म्हणवत नाही. आईचे हाल खरेच झाले होते. पण माईला दुसरी भाषा उरली नव्हती, हे मला त्या दुपारी कळलं.

टांग्यातून आम्ही चौघं गेलो, अण्णा आणि माई पुढं, ताई आणि मी मागं. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. माईनं पदर डोक्यावरून इतका पुढं ओढला होता की तिचा चेहरा दिसत नव्हता. कचेरीत ताई आणि मी दाराबाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं. साहेब वयस्कर होते, उठून त्यांनी माईला खुर्ची दिली. माई बसली नाही.

"हम यह नहीं कहते कि," तिनं सुरुवात केली. अण्णा खाकरले. माई थांबली. आत पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "लडकी हमारी बहुत अच्छी है."

आणि एकदा म्हटल्यावर तिला थांबता येईना. मोडक्या हिंदीत, मधेच मराठीत, ती बोलत सुटली. लडकी साइकिल चलाती है, अपने आप आती-जाती है, किसी का आसरा नहीं लेती. मी दोन महिने अंथरुणाला खिळले होते, हिनं माझं सगळं केलं, तोंड वाकडं केलं नाही. घर में सब को पढाती है. झूठ उसको आता ही नहीं. ऐसी लडकी पूरे झाँसी में नहीं है साहब, सोना है सोना. तिचा आवाज चढत गेला, चिरका झाला. शेजारच्या खोलीतले बाबू माना वळवून बघायला लागले. बाकावर ताईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माताजी, यही आप उस दिन कह देतीं." ताईची जागा आदल्या दिवशी भरली होती. त्यांनी खरोखर वाईट वाटून सांगितलं, पुन्हा जागा निघाली तर जरूर बघू. पुन्हा निघाली नाही. त्याच वैशाखात ताईचं लग्न झालं, ती खंडव्याला गेली आणि आयुष्यभर एका मोठ्या कुटुंबात रांधत राहिली. नवरा सालस होता, मुलं चांगली निघाली, तक्रारीला जागा नव्हती. शाळेत मात्र ती कधी शिकवू शकली नाही आणि स्वतःच्या दाराला कुलूप लावून बाहेर पडण्याचा योगही तिला आला नाही, कारण त्या घरात कुणी ना कुणी नेहमी असायचंच. ती आजही आहे, ऐंशी उलटली. फोनवर आम्ही बोलतो तेव्हा या दिवसाचा विषय दोघीही टाळतो.

परतीच्या टांग्यात माई मागं आली, ताईशेजारी, मी अण्णांजवळ पुढं. टांग्यानं चौराहा ओलांडला. मग अण्णा मान न वळवता म्हणाले, "जाऊ दे शालू. दुसरी कुठं तरी बघू." ताई म्हणाली, "हो अण्णा." तिचा आवाज रडवेला नव्हता. मी वळून पाहिलं तर ती माईकडं बघत होती, पहिल्यांदाच पाहिल्यासारखी. माईचं तिच्या चेहऱ्याकडं लक्षच नव्हतं. तिनं पदराखालून हात काढून ताईच्या कपाळावर ठेवला होता.

"गरम लागतंय गं."

"ऊन आहे, माई."

"उन्हानंच ना?"

"उन्हानंच."

माईनं मान हलवली. कॉलनीचं फाटक आलं, टांगेवाल्यानं घोडा थांबवला, अण्णा उतरले, मी उतरले. तिनं हात काढला नव्हता.